नाव चुकले की उपाय चुकतो
डुकरांच्या विषाणुरोगांचा इतिहास, वर्ध्याहून पाहिलेला

वर्ध्याजवळच्या सेगाव या लहानशा खेड्यात गांधीजी 1936 साली राहायला गेले, तेव्हा टपालखात्यापुढे एक अडचण उभी राहिली. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे, गजानन महाराजांचे. सेगाव आणि शेगाव. पत्रे इकडची तिकडे जाऊ लागली. अखेर 1940 साली सेगावचे नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले आणि घोटाळा मिटला.

पत्र चुकीच्या गावी गेले तर चार दिवसांनी का होईना, परत येते. रोगाच्या नावात असा घोटाळा झाला तर? औषध एकीकडे, फवारणी दुसरीकडे, आणि रोगी तिसरीकडेच! आपल्याकडे यालाच ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात. डुकरांच्या विषाणुरोगांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळताना आम्हांला ही म्हण पुन्हा पुन्हा आठवली. तोच इतिहास येथे थोडक्यात सांगायचा आहे.

हा विषय शिक्षकांसाठी कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. पावसाळ्यात गावातल्या एखाद्या मुलाला जोराचा ताप येतो, झटके येतात, शुद्ध हरपते. ‘मेंदूज्वर’ हा शब्द गावभर होतो. लगेच सर्वांच्या नजरा उकिरड्यावरच्या डुकरांकडे वळतात. दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर होतो, ‘सर, डुकरांमुळेच होतो ना हो हा रोग?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ‘हो’ म्हटले तरी चूक होते आणि ‘नाही’ म्हटले तरी चूक होते.

उकिरड्यावरचे डुक्कर

वर्धा जिल्हा हा कपाशी, तूर आणि सोयाबीनचा मुलूख. येथे डुक्कर पाळणे हा मोठा धंदा कधीच नव्हता. कैकाडी, वडार यांसारख्या समाजांतील काही कुटुंबे ती पाळत आली आहेत. जनावर सकाळी मोकळे सोडायचे, दिवसभर ते नाल्याकाठी आणि उकिरड्यावर चरेल, संध्याकाळी परत येईल. चाऱ्याचा खर्च नाही. ज्यांच्याकडे जमीन नाही आणि गाय घ्यायची ऐपत नाही, त्यांची ही चालतीबोलती बचत. आजारपण किंवा लग्न निघाले की एखादे जनावर विकायचे.

गावाने उघड्यावर टाकलेली घाण हे जनावर खाते, म्हणून ते घाणेरडे ठरले. घाण करणारे आपण मात्र स्वच्छ! 1935 च्या सुमारास गांधीजींचा मुक्काम वर्ध्यात मगनवाडीला होता. तेथून ते आणि त्यांचे सहकारी शेजारच्या सिंदी गावात मैला उचलायला जात. घाण साफ करणाऱ्याला हलके समजू नये, हा त्यांच्या त्या कामामागचा विचार होता. डुकराबद्दल तो कोणी लागू केला नाही, हे खरे. पण रोगांचा इतिहास वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण ज्याला आपण आधीच हलके ठरवलेले असते त्याच्या माथी दोष मारणे सोपे जाते.

डुकराचा खरा दोष किती?

मग डुक्कर अगदीच निर्दोष आहे का? तसेही नाही. जपानी मेंदूज्वराचा इतिहास पाहा. जपानमध्ये हा रोग 1871 पासून नोंदलेला आहे. 1924 साली तेथे मोठी साथ आली आणि सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले, त्यांतले निम्म्याहून अधिक दगावले. 1935 मध्ये एका मृत रुग्णाच्या मेंदूतून विषाणू वेगळा करण्यात आला. तो डासांमार्फत पसरतो हेही कळले. पण वर्षभर तो राहतो कोठे, हे कोडे सुटत नव्हते. 1950 च्या दशकात टोकियोच्या परिसरात जपानी व अमेरिकी संशोधकांनी बगळे, डुकरे आणि डास यांचा कित्येक ऋतू मागोवा घेतला, तेव्हा चित्र स्पष्ट झाले.

पाणथळीतले बगळे आणि ढोकरी यांच्या रक्तात हा विषाणू फिरतो. भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स जातीचे डास तो उचलतात आणि डुकरांना चावतात. डुकराच्या रक्तात विषाणूंची संख्या इतकी वाढते की पुढे चावणाऱ्या डासांनाही संसर्ग होतो. मोठे डुक्कर सहसा आजारी दिसत नाही. गाभण डुकरीण मात्र गाभडते किंवा मेलेली पिल्ले देते. शिवाय डुकरिणीला एका वेतात आठ-दहा पिल्ले होतात. म्हणजे दरवर्षी प्रतिकारशक्ती नसलेली नवी पिढी विषाणूसाठी तयार! अशा प्राण्याला शास्त्रज्ञ विषाणू ‘वाढवणारा यजमान’ म्हणतात.

माणसाचे तसे नाही. माणसाच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, त्यामुळे रुग्णाला चावलेल्या डासाकडून रोग पुढे जात नाही. विषाणूच्या दृष्टीने माणूस म्हणजे बंद बोळ. गाईबैलांचेही तसेच आहे, आणि गंमत म्हणजे या डासांना गुरांचे रक्त अधिक आवडते. म्हणून डुकरे, पाणथळीचे पक्षी, भातखाचरे आणि गुरे यांचे कोठे कसे प्रमाण आहे, यावर साथीचा धोका पुष्कळसा अवलंबून असतो. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात आणि वर्ध्याच्या कपाशीच्या रानात डुक्कर तेच असले तरी त्याच्याभोवतीचे पाणी आणि पक्षी तेच नसतात.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढच्या कथेत तिचे काम पडणार आहे. या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे अडीचशे जणांमागे एखाद्यालाच गंभीर आजार होतो. बाकीच्यांना काही कळतही नाही. पण त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, म्हणजे विषाणू येऊन गेल्याची खूण राहते.

भारतात या रोगाचे रुग्ण प्रथम 1955 साली वेल्लोरच्या परिसरात ओळखले गेले. त्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचा वाटा होता. 1952 साली स्थापन झालेली हीच संस्था 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. 1973 साली पश्चिम बंगालमधील बांकुरा व बर्दवान जिल्ह्यांत मोठी साथ आली, पुढे 1978 पासून उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात. 2005 च्या गोरखपूरच्या साथीत हजारावर मृत्यू झाल्यावर 2006 पासून जोखमीच्या जिल्ह्यांत मुलांना लस देण्यास सुरुवात झाली. विदर्भातील काही जिल्हेही त्यात आले.

येथवर सर्व ठीक आहे. मेंदूज्वर म्हणजे डास, डुक्कर आणि लस, हे समीकरण एकदा पक्के झाले. घोटाळा झाला तो या पक्केपणामुळेच.

मलेशिया, 1998

सप्टेंबर 1998. मलेशियातील पेराक राज्यात इपोह शहराजवळ वराहपालनाची मोठी केंद्रे होती. तेथील माणसांना ताप, डोकेदुखी, झापड, झटके असा आजार होऊ लागला. काही रुग्णांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडे सापडली. निदान झाले. मग ठरलेले उपाय सुरू झाले. धूरफवारणी झाली. माणसांना लस दिली, डुकरांना लस दिली. तरी माणसे मरतच होती.

आता वाचकांनी क्षणभर थांबावे आणि पुढील माहितीकडे पाहावे. मलेशियातल्या डॉक्टरांनाही हीच माहिती दिसत होती.

आजारी पडणारे बहुतेक सर्व प्रौढ पुरुष होते. जपानी मेंदूज्वर तर मुख्यतः मुलांना होतो. आजारी पडणारे डुकरांना हाताळणारे होते. त्याच परिसरात राहणाऱ्या, पण डुकरांशी संबंध नसलेल्या मुसलमान शेजाऱ्यांना काही होत नव्हते. डास धर्म पाहून चावतो काय? लस घेतलेले लोकही आजारी पडत होते. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे डुकरेही आजारी होती. त्यांना धाप लागे आणि कुत्रे भुंकल्यासारखा मोठा खोकला येई. जपानी मेंदूज्वरात मोठी डुकरे खोकत नाहीत.

म्हणजे चारही खुणा वेगळ्या दिशेला बोट दाखवत होत्या. पण रोगाला नाव मिळालेले होते, आणि एकदा नाव मिळाले की माणूस पाहायचे थांबवतो. प्रतिपिंडांचे काय, असे कोणी म्हणेल. जेथे एखादा विषाणू वर्षानुवर्षे फिरत असतो, तेथे पुष्कळांच्या रक्तात त्याची खूण असायचीच. ती सापडली म्हणून आजचा आजार त्याच विषाणूमुळे झाला, असे सिद्ध होत नाही.

दरम्यान घाबरलेल्या पालकांनी डुकरे विकायला काढली. ट्रक भरून ती दक्षिणेकडे नेगेरी सेम्बिलान राज्यात गेली, आणि डुकरांबरोबर रोगही गेला. तेथील बुकित पेलांडोक हा देशातील वराहपालनाचा मोठा भाग. साथीने तेथे भयंकर रूप घेतले. मार्च 1999 मध्ये सिंगापूरच्या कत्तलखान्यातील कामगार आजारी पडले. ती डुकरेही मलेशियातूनच आली होती.

मलाया विद्यापीठात कॉ बिंग चुआ हे विषाणुशास्त्रज्ञ काम करत होते. सुंगाई निपाह या गावच्या एका रुग्णाच्या मेंदूभोवतालचा द्रव त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर घातला. काही दिवसांत पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळे बनले. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचे हे वागणे नव्हे. चुआ नमुने घेऊन विमानाने अमेरिकेत गेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोवर आणि गालफुगीच्या विषाणूंच्या कुळातला एक अनोळखी विषाणू दिसला. 1994 साली ऑस्ट्रेलियात घोडे आणि त्यांच्या प्रशिक्षकाचा जीव घेणाऱ्या हेंड्रा विषाणूचा तो जवळचा नातलग निघाला. गावावरून त्याचे नाव ‘निपाह’ पडले.

नाव कळताच उपाय बदलले. धूरफवारणीऐवजी डुकरांची वाहतूक बंद करणे, आजारी डुकरांपासून माणसांना दूर ठेवणे हे महत्त्वाचे ठरले. सैन्य बोलावून सुमारे दहा लाख डुकरे मारण्यात आली. मे 1999 पर्यंत साथ थांबली. मलेशियात 265 जण आजारी पडले, 105 मेले. देशातील निम्म्याहून अधिक वराहपालन केंद्रे कायमची बंद झाली.

चुकीच्या नावाखाली जवळपास सहा महिने गेले होते. त्या काळात वाचू शकले असते असे किती जीव गेले, हे सांगणे अवघड आहे. पण डुकरे ट्रकमध्ये चढली ती याच काळात, एवढे सांगता येते.

मग हा विषाणू डुकरांत आला कोठून? फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांकडून. इपोहजवळच्या मोठ्या केंद्रावर डुकरांच्या वाड्यांना लागूनच आंब्याची झाडे लावलेली होती. वटवाघळे रात्री फळे खात, अर्धवट खाल्लेली उष्टी फळे खाली वाड्यात पडत. वटवाघूळ पूर्वीही होते, डुक्कर पूर्वीही होते, आंबा तर होताच. माणसाने या तिघांना एका कुंपणात आणले आणि तेथे डुकरांची संख्या हजारोंवर नेली. ‘नवा रोग’ बहुधा असाच जन्माला येतो. विषाणू जुनाच असतो, शेजार नवा असतो.

आपल्या देशात निपाहच्या साथी 2001 साली सिलिगुडीत, 2007 मध्ये नदिया जिल्ह्यात आणि 2018 पासून केरळात आल्या. या साथींत मध्ये डुक्कर नव्हते. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत या विषाणूची प्रतिपिंडे असल्याचे पुण्याच्या संस्थेने 2021 साली प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात माणसांत साथ आल्याची ही बातमी नव्हे. विषाणू आपल्या डोंगरांतही राहतो, एवढाच तिचा अर्थ.

विदर्भातला विषाणू

नावाच्या घोटाळ्याचे उदाहरण शोधायला मलेशियात जायलाच हवे असे नाही. वर्ध्याहून सुमारे 75 किलोमीटरवर नागपूर आहे. 1965 साली तेथे तापाची मोठी साथ आली. डेंगी आणि चिकनगुन्याचा तो ताप. पुण्याच्या केंद्रातील भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना दोन रुग्णांच्या रक्तात या दोहोंपेक्षा निराळाच विषाणू सापडला. तो रेबीजच्या विषाणूच्या कुळातला होता. नागपूरच्या चांदीपुरा या भागावरून त्याला चांदीपुरा विषाणू म्हणू लागले. 1967 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

2003 साली आंध्र प्रदेशात, आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या भागासह, मुलांना अचानक ताप, झटके आणि बेशुद्धी येऊ लागली. कित्येक मुले चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत गेली. 329 मुले आजारी पडली, 183 मेली. प्रथम संशय अर्थातच जपानी मेंदूज्वराचा आला. तपासाअंती चांदीपुरा विषाणू निघाला. त्यानंतर विदर्भातही हा विषाणू 2007 पासून पुन्हा पुन्हा आढळला आहे. 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत मोठी साथ आली, तेव्हा देशात जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत मेंदूज्वरासारख्या आजाराचे 245 रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील 64 जणांत चांदीपुरा सिद्ध झाला.

हा विषाणू पसरवते वाळूमाशी. डासाहून कितीतरी लहान असलेला हा कीटक मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहतो. ती तेथे वाढते याचे कारण डुकरे नव्हेत. अशा गावात साथीच्या नावाखाली डुकरे हाकलून दिली आणि भिंतींच्या भेगा तशाच ठेवल्या, तर काय उपयोग?

गोरखपूरची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. लस आल्यावर जपानी मेंदूज्वर कमी झाला, पण मुले आजारी पडायची थांबेनात. 2014 नंतरच्या तपासात असे दिसले की त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना स्क्रब टायफस होता. तो विषाणूमुळे होत नाही, जीवाणूमुळे होतो. गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्यांच्या चावण्यातून तो येतो आणि साध्या, स्वस्त प्रतिजैविकाने बरा होतो, फक्त ते वेळेवर द्यावे लागते. एका नावाखाली औषध नाही, दुसऱ्या नावाखाली औषध आहे. नाव बरोबर असण्याचे मोल याहून स्पष्ट काय सांगावे?

‘स्वाईन फ्लू’ आणि कैरोचा कचरा

आता उलट प्रकार पाहू. येथे रोग डुकराच्या नावाने ओळखला गेला, पण पसरवत होता माणूस.

1918 साली जगभर इन्फ्लुएंझाची महामारी होती. भारतात तिने कोटीहून अधिक बळी घेतले. त्याच शरद ऋतूत अमेरिकेतील आयोवा राज्यात डुकरांना तसाच आजार झाला. जे. एस. कोएन या पशुवैद्याने त्याला ‘डुकरांचा फ्लू’ म्हटले. मांसाचा धंदा बसेल म्हणून व्यापारी आणि पालक त्याच्यावर नाराज झाले, पण तो आपल्या निरीक्षणाला चिकटून राहिला. 1931 साली रिचर्ड शोप यांनी डुकरांतील हा विषाणू सिद्ध केला. माणसातला फ्लूचा विषाणू सापडायला 1933 उजाडले. त्या वेळी विषाणू माणसाकडून डुकराकडे गेला असावा, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

2009 च्या एप्रिलमध्ये मेक्सिको व कॅलिफोर्नियात नवा फ्लू आढळला. त्याची जनुके डुकरांतील फ्लूच्या विषाणूंशी जुळत होती, म्हणून ‘स्वाईन फ्लू’ हे नाव पडले. जागतिक आरोग्य संघटनेने आठवडाभरातच ते वापरणे सोडले, पण तोवर ते सर्वतोमुखी झाले होते. इजिप्तमध्ये तेव्हा एकही रुग्ण नव्हता. तरी तेथील सरकारने देशातील सर्व, म्हणजे सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश दिला. ही डुकरे होती मुख्यतः कैरोतील कचरा वेचणाऱ्या ‘जब्बालीन’ लोकांची. ते घरोघरचा कचरा गोळा करत आणि त्यातले खरकटे डुकरांना घालत. डुकरे गेली, तसा त्यांनी ओला कचरा उचलणे सोडले आणि कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. जूनमध्ये फ्लू इजिप्तमध्ये पोचला तो माणसांबरोबर, विमानाने. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय!

आपल्याकडे 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात या रोगाचा देशातला पहिला मृत्यू झाला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरचे मुखपट्ट्यांचे आणि बंद शाळांचे दिवस पुष्कळ शिक्षकांना आठवत असतील. हा रोग खोकल्या-शिंकांतून माणसाकडून माणसाला होत होता. उलट कॅनडातल्या एका केंद्रावरील डुकरांमध्ये तो माणसाकडून गेल्याचा संशय होता. तरी ‘स्वाईन’ हा शब्द आपल्याकडे आजही टिकून आहे. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना प्राण्यांची, गावांची वा माणसांची नावे देऊ नयेत असे सुचवले, त्यात ‘स्वाईन फ्लू’चे उदाहरण होतेच.

एकसारखे दिसणारे दोन ताप

शेवटचा घोटाळा आजचा आहे आणि तो थेट डुक्कर पाळणाऱ्याच्या पोटावर येतो. डुकरांना ‘स्वाईन फीव्हर’ नावाचा जुना रोग होतो. जोराचा ताप, खाणे बंद, कानांवर व पोटावर तांबडे-निळे चट्टे आणि मृत्यू. त्यावर लस आहे, आपल्या देशातच बनते. याच लक्षणांचा दुसरा रोग म्हणजे आफ्रिकन स्वाईन फीव्हर. नाव जवळजवळ तेच, रूप तेच, पण विषाणू पूर्णपणे वेगळ्या कुळाचा. त्यावर भारतात वापरासाठी मान्य झालेली लस नाही. दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. दोन्ही रोग माणसाला होत नाहीत, हेही येथेच सांगून टाकू.

आफ्रिकन तापाचे शास्त्रीय वर्णन 1921 साली केनियातून प्रसिद्ध झाले. तेथे तो रानडुकरांसारख्या वॉर्टहॉग या प्राण्यात आणि त्यांच्या गोचिडांत शांतपणे राहत होता. 1957 साली तो लिस्बनला पोचला. विमानातील प्रवाशांचे उरलेले अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातले जात होते, त्यातून. स्पेनला त्याच्याशी 1960 पासून 1995 पर्यंत झगडावे लागले. 2007 मध्ये तो जॉर्जियाच्या पोती बंदराजवळ उतरला, आणि तेथेही जहाजावरच्या खरकट्याचाच संशय आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये तो चीनमध्ये आढळला. 2020 साली आसाम व अरुणाचल प्रदेशात त्याचे निदान झाले आणि 2022 मध्ये केरळ, पंजाब आणि आपल्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशात.

या सर्व प्रवासात एक धागा दिसतो, तो खरकट्याचा. हा विषाणू कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो. ज्याचे डुक्कर उकिरड्यावर आणि हॉटेलच्या उष्ट्यावर जगते, त्याला धोका सर्वांत जास्त. उष्टे अर्धा तास चांगले उकळून घातले तर विषाणू मरतो, पण मोकाट सोडलेल्या डुकराचे उष्टे कोण उकळणार?

रोग सिद्ध झाला की एक किलोमीटरच्या आतील सर्व डुकरे मारण्याचा नियम आहे. मारलेल्या डुकरांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. याचा परिणाम काय होतो ते मलेशियाच्या कथेत आपण पाहिले. पहिले जनावर मेले की गरीब माणूस घाबरून बाकीची मिळेल त्या भावाने विकून टाकतो, आणि रोग ट्रकमध्ये चढतो. 2009 च्या कायद्यानुसार जनावरांतील अशा रोगाची खबर देणे बंधनकारक आहे. पण खबर दिल्याने आपलेच नुकसान होईल अशी भीती असेल, तर नुसत्या कायद्याने खबर येत नाही. 2012 ते 2019 या काळात देशातील डुकरे 1 कोटी 3 लाखांवरून 90 लाख 60 हजारांवर आली होती, ती हा रोग येण्यापूर्वीच. उरलेल्या जनावरांचे मोल त्यांच्या मालकांना किती असेल, याचा अंदाज यावरून करावा.

वर्धा जिल्ह्यात आणखी एक बाजू आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांत रानडुकरे शेतात घुसून पिके उद्ध्वस्त करतात. एखाद्या रोगाने ती मेली तर बरेच, असे त्रासलेल्या शेतकऱ्याच्या मनात आले तर नवल नाही. पण हा विषाणू रानडुकरालाही होतो. 2023 च्या सुरुवातीला तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात त्याने रानडुकरे मेली. रान आणि गाव यांत या विषाणूला कुंपण नाही. जंगलात एकाएकी रानडुकरे मेलेली आढळली तर त्यांना हात न लावता वनखात्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे, एवढे तरी आपल्या मुलांना माहीत असावे.

वर्गात काय करता येईल?

या इतिहासाचा वर्गात उपयोग करायचा एक मार्ग आम्ही सुचवतो. मलेशियाची कथा एकदम सांगू नये. फळ्यावर फक्त माहिती लिहावी: कोण आजारी पडले, कोण पडले नाही, लस घेतलेल्यांचे काय झाले, डुकरांना काय होत होते. वर लिहावे ‘डॉक्टरांचे निदान: जपानी मेंदूज्वर’. मग विचारावे, हे निदान पटते का? सातवी-आठवीच्या मुलांना पुरेसा वेळ दिला तर त्यांतली बरीच जण डॉक्टरांची चूक काढू शकतील. विज्ञान म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा व्याख्येशिवाय कळेल.

दुसरे काम गावात फिरून करायचे. पाणी कोठे साचते, बगळे कोठे उतरतात, गुरे आणि डुकरे कोठे बांधतात, भिंतींना भेगा कोठे आहेत, खरकटे कोठे पडते, यांचा नकाशा मुलांनी काढावा. जनावरांना हात लावू नये, लांबूनच पाहावे. मग एकेक रोग घेऊन विचारावे, या नकाशात तो कोठून जाईल? प्रत्येक रोगाची वाट वेगळी निघते.

आणि तिसरी गोष्ट. तुमच्या वर्गात डुकरे पाळणाऱ्या घरातले एखादे मूल असेल. साथीच्या दिवसांत बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसेनासे होते, त्याला नावे ठेवली जातात. ‘डुकरांमुळेच होतो ना हो?’ हा प्रश्न तेही ऐकत असते. त्या वेळी शिक्षकाने ‘कोणता रोग, ते आधी शोधू या’ एवढे म्हटले तरी त्या मुलाला वर्गात मान वर करून बसता येईल. आणि आपले डुक्कर खाईनासे झाले आहे, ही खबर गावात सर्वांच्या आधी देणारे कदाचित तेच मूल असेल.